शब्द तेच, चाल दरवेळी नवी

एकनाथ महाराजांच्या विंचवाच्या भारुडाला चारशे वर्षं उलटून गेली. शब्द सगळ्या मराठी मुलखाला पाठ आहेत, पण त्याची मूळ चाल कोणती असं विचारलं तर कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. शाहीर साबळ्यांनी ते ज्या ढंगात गायलं तो ढंग शहरी रसिकांच्या कानात बसला. आमच्या मराठवाड्यात मंडळागणिक चाल बदलते. कुठे ते संथ लयीत चढत जातं, कुठे पहिल्या ओळीपासून मृदंग-टाळ अंगावर येतात, कुठे सोंगाड्या अर्धं बोलून अर्धं गातो आणि मांत्रिकाचं सोंग घेऊन गावातल्या चालू भानगडी मध्येच ओवतो. यात नाथांचा अवमान झाला असं कुणाला वाटत नाही. रचना नाथांची आणि चाल मंडळाची, हा व्यवहार पैठणपासून जालन्यापर्यंत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे.

या पुस्तकाचा विषय मात्र बर्लिनचा आहे. बेर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं 'डी ड्रायग्रोशनओपर', म्हणजे तीन पैशांचं संगीत नाटक, 1928 सालचं. त्याआधी दोनशे वर्षं ते लंडनमध्ये होतं आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी ते पुण्यात आलं. दरवेळी गोष्ट जवळपास तीच, संगीत मात्र दुसऱ्याचं. जुना जालन्यातली नाटकवेडी मुलं या नाटकाचं वाचन करायला बसली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'यातली गाणी कुठल्या चालीत म्हणायची?' हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं, आणि प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं. उत्तर सरळ आहे, पण ते पटायचं तर जरा लांबून यावं लागेल.

संगीत नाटकाची संहिता एकाच संगीतकाराच्या नावे कायमची लागते, ही समजूत अलीकडची आहे. अठराव्या शतकातल्या जर्मनीत तसं नव्हतं. तिथल्या हलक्याफुलक्या संगीत नाटकात पात्रं गद्य बोलत आणि मधूनमधून गात, म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकासारखाच प्रकार. त्याच्या संहिता छापून निघत आणि ज्याला वाटेल तो संगीतकार त्यांना चाली लावी. महाकवी गटेनं अशा अनेक संहिता लिहिल्या. त्याच्या 'एर्विन उंड एल्मीरं'ला योहान आंद्रेनं 1775 साली संगीत दिलं. वर्षभरात, 1776 मध्ये, वायमारची राजमाता आना आमालिया हिनं तीच संहिता घेऊन स्वतःच्या चाली बांधल्या. पुढे विसाव्या शतकात ओटमार शोएक यानंही त्या शब्दांना हात घातला.

गटेचीच 'येरी उंड बेटली' तर फारच फिरली. 1779 मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रवासात सुचलेली ही छोटीशी विनोदी गोष्ट. डोंगरात एकटी राहणारी बेटली, लग्नाला नकार देणारी. तिच्यावर जीव टाकणारा येरी. आणि मदतीच्या नावाखाली तिच्या कुरणात गुरं घालून धुडगूस घालणारा शिपाईगडी टोमास. 1780 मध्ये वायमारला झेकेनडॉर्फच्या संगीतात ती रंगली, 1801 मध्ये राइशार्टनं नव्यानं बांधली. पॅरिसला स्क्रीब आणि मेलेस्वील यांनी तिचं फ्रेंच रूप केलं आणि आदोल्फ आदांनं 1834 साली त्याला संगीत दिलं. त्या फ्रेंचवरून दोनिझेत्तीनं 1836 साली नेपल्समध्ये इटालियन 'बेटली' केली. 1873 मध्ये इंगेबोर्ग फॉन ब्रोन्सार्ट या बाईंनी पुन्हा मूळ जर्मन शब्द घेतले. एका पोरीचा लग्नाला नकार, आणि तो शंभर वर्षं वेगवेगळ्या सुरांत ऐकू येत राहिला.

शूबर्टची हकिगत मात्र जिवाला चटका लावते. 1815 साली, अठरा वर्षांचा असताना, त्यानं गटेची 'क्लाउडीनं फॉन व्हिला बेला' संपूर्ण संगीतबद्ध केली. हस्तलिखित योझेफ ह्युटेनब्रेनर या मित्राकडे राहिलं. 1848 मध्ये तो घरी नसताना नोकरांनी दुसऱ्या-तिसऱ्या अंकाचे कागद शेगडी पेटवायला वापरले. पहिला अंक उरला तेवढाच. याच शूबर्टनं 1820 मध्ये आपल्या कालिदासाची शकुंतला ऑपेरासाठी घेतली होती आणि अर्धवट सोडून दिली. त्यानंतर साठ वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1880 रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी ही दोन सालं शेजारी ठेवली की मला बरं वाटतं. व्हिएन्नात अडलेली शकुंतला पुण्यात गायली.

किर्लोस्करांकडे वळलोच आहोत तर इथे थोडं थांबू, कारण त्यांची रीत समजली की तीन पैशांचं नाटक परकं वाटत नाही. अण्णासाहेबांनी पदं रचली ती लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणीचा ठसका, कर्नाटकात कानावर पडलेल्या कानडी चाली, असं जे जिथे सापडलं ते त्यांनी घेतलं. छापील नाटकात पदाच्या डोक्यावर अमुक पदाची चाल असं लिहिलेलं असे आणि वाचणाऱ्याला ते पुरे होई. प्रेक्षक थिएटरात येताना निम्मं संगीत मनात घेऊनच येत. खास नाटकासाठी स्वतंत्र चाली बांधणारा संगीतकार ही गोष्ट ठसठशीतपणे पुढे आली ती 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांमुळे. 1916 मध्ये 'स्वयंवरा'साठी भास्करबुवा बखल्यांनी रागदारीचा खजिना उघडला आणि मग पदाची आणि चालीची गाठ इतकी घट्ट बसली की ते पद दुसऱ्या चालीत म्हणणं हा गुन्हा ठरू लागला. आमच्या जालन्याच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर या भास्करबुवांचेच शिष्य. त्या परंपरेनं आपल्याला जे दिलं त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण किर्लोस्करांचा मोकळेपणा त्यात हरवला, हेही सांगितलं पाहिजे.

आता लंडन. 29 जानेवारी 1728 रोजी जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' लिंकन्स इन फील्ड्सच्या थिएटरात लागला. त्या काळी लंडनची बडी मंडळी इटालियन ऑपेराच्या नादी लागली होती. देवदेवता, राजेरजवाडे, आणि भाषा अशी की निम्म्यांना कळत नसे. गेनं त्याच्या जागी चोर, दरोडेखोर, चोरीचा माल घेणारा पीचम आणि तुरुंगाचा लाचखाऊ अधिकारी उभे केले. त्यांच्या तोंडी 69 गाणी घातली, आणि बहुतेक सगळी रस्त्यावर, दारूच्या गुत्त्यात, जत्रेत गायल्या जाणाऱ्या चालींवर. एक चाल तर खुद्द हँडेलच्या ऑपेरातल्या कूचगीताची उचलली आणि ती दरोडेखोरांच्या टोळीला दिली. योहान क्रिस्टोफ पेपुश या जर्मन संगीतकारानं त्यांना साथ बांधून दिली. पहिल्याच हंगामात 62 प्रयोग झाले, त्या काळच्या मानानं अफाट. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलला यातला चोर कोण ते बरोबर कळलं. गेनं लिहिलेल्या पुढच्या भागावर, 'पॉली'वर, प्रयोगबंदी आली.

चाल आधीपासून ओळखीची, शब्द नवे, आणि त्या दोहोंच्या घर्षणातून हशा. किर्लोस्करांची कृती आणि गेची कृती एकच आहे. फरक हेतूचा. अण्णासाहेबांना ओळखीची चाल हवी होती ती प्रेक्षकाला जवळ घेण्यासाठी. गेला ती हवी होती चिमटा काढण्यासाठी. भाबड्या प्रेमगीताच्या चालीत दरोडेखोराची बायको फाशीच्या दोराबद्दल गाते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जुने शब्द चालूच असतात. दोन गाणी एकाच वेळी ऐकू येतात. 1920 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथला फ्रेडरिक ऑस्टिननं नव्यानं सजवलेल्या संगीतात हेच नाटक पुन्हा उभं राहिलं आणि 1,463 प्रयोग चाललं. त्याची वार्ता बर्लिनला पोहोचली.

बर्लिनमध्ये ती हेरली एलिझाबेथ हाउप्टमान हिनं. ब्रेख्तची ती सहकारी. 1927-28 च्या हिवाळ्यात तिनं गेचं नाटक जर्मनमध्ये उतरवायला घेतलं आणि एकेक प्रवेश ब्रेख्तच्या हाती देत गेली. पुढे या नाटकाच्या उत्पन्नाची वाटणी ठरली तेव्हा ब्रेख्तला साडेबासष्ट टक्के, वाइलला पंचवीस आणि हाउप्टमानला साडेबारा टक्के मिळाले. जगभर नाव झालं ते ब्रेख्तचं. हाउप्टमानचं श्रेय पुष्कळ उशिरा, तेही अभ्यासकांच्या रेट्यामुळे, नीट बोललं जाऊ लागलं. ज्या बाईच्या टेबलावर हे नाटक जर्मन बोलायला शिकलं, तिचं नाव या पुस्तकात मुखपृष्ठाच्या आतल्या पहिल्याच पानावर आहे. ते मी आग्रहानं घालायला लावलं.

एर्न्स्ट योझेफ आउफ्रिश्ट नावाच्या तरुण निर्मात्यानं शिफबाउअरडाम थिएटर भाड्यानं घेतलं होतं आणि उद्घाटनाला त्याला नाटक हवं होतं. ब्रेख्तकडचं हे अर्धंमुर्धं बाड त्यानं उचललं. ब्रेख्तनं संगीतासाठी वाइलचं नाव सांगितलं. वाइल डेसाऊच्या यहुदी प्रार्थनामंदिरातल्या गायकाचा मुलगा, शास्त्रशुद्ध शिकलेला, पण जाझ आणि कॅबरेकडे कान लावून बसलेला. ऑगस्टभर तालमी झाल्या आणि एकेक संकट कोसळत गेलं. नायकाच्या बायकोची, पॉलीची भूमिका करणारी कारोला नेहर हिचा नवरा, कवी क्लाबुंड, दावोसला मरण पावला आणि ती पुढे नाटकातून बाहेर पडली. ऐनवेळी रोमा बान आली. माकहीथ, म्हणजे नायक दरोडेखोर, करणारा हाराल्ड पाउल्सन आपल्या आकाशी गळपट्ट्यावर अडून बसला. आपला प्रवेश झोकात व्हावा असा त्याचा हट्ट. तेव्हा ब्रेख्तनं ठरवलं, याला असाच गुळगुळीत राहू द्यायचा, पण तो येण्याआधी त्याच्या खुनांची यादी एखाद्या रस्त्यावरच्या गायकानं सगळ्यांना ऐकवायची. शेवटच्या दिवसांत ते गाणं लिहिलं गेलं, वाइलनं लगोलग चाल दिली, आणि आज सगळं नाटक विसरलेल्या माणसालाही तेवढं एक गाणं ठाऊक असतं.

त्या गाण्याजवळ थोडं बसायला हवं. जर्मन जत्रांमध्ये खून-मारामाऱ्यांच्या हकिगती गाणारे गायक असत. रंगवलेला फलक उभा करायचा, काठीनं एकेक चित्र दाखवायचं आणि हातानं फिरवायच्या बाजावर तीच चाल पुन्हा पुन्हा आळवत गोष्ट पुढे न्यायची. पिंगुळीच्या चित्रकथी मंडळींना हे सांगायलाच नको. वाइलनं नेमकी तीच ठेवण धरली. पेटी पुढ्यात घ्या आणि ग, प, ध एवढे तीन स्वर वाजवा. सुरावट ग-प-ध अशी चढते आणि धैवतावर अडून बसते. पुन्हा ग-प-ध, पुन्हा तोच धैवत. षड्जावर येऊन विसावायला ती तयार नाही. शब्द सांगतात, अमक्याचा मुडदा सापडला, तमक्याचे पैसे गेले, आग लागली, आणि कुणी काही पाहिलेलं नाही. चाल मात्र जत्रेतल्या पाळण्यासारखी डुलत राहते. गायकाला आवाज चढवायची परवानगी नाही, दर कडव्याला साथ तेवढी बदलत जाते. भय येतं ते या डुलण्यामुळे. तेच शब्द वीररसाच्या चढ्या पोवाड्यात टाकले असते तर माकहीथ शूर ठरला असता. रडव्या चालीत टाकले असते तर मेलेल्यांची कीव आली असती. वाइलनं दोन्ही वाटा टाळल्या आणि ऐकणाऱ्याला खुनाच्या यादीवर डुलायला लावलं. आपण डुलतो आहोत हे ज्या क्षणी ध्यानात येतं, तिथे नाटक सुरू होतं.

31 ऑगस्ट 1928 च्या पहिल्या प्रयोगात याच गाण्याचा बाजा चाललाच नाही. पहिलं कडवं कुर्ट गेरोननं कोरडंच म्हटलं, दुसऱ्या कडव्याला वाद्यवृंदानं सांभाळून घेतलं. वाद्यवृंद म्हणजे सात वादक, एकेक जण अनेक वाद्यं हाताळणारा. प्रेक्षक बराच वेळ थंड होते. माकहीथ आणि पोलिसप्रमुख ब्राउन हे जुने लष्करी दोस्त तोफांचं गाणं गाऊ लागले तेव्हा सभागृह फुटलं, वन्समोअर आला, आणि मग रात्र नाटकाची झाली. वेश्या जेनीची भूमिका करणारी लोट्टं लेन्या, वाइलची बायको, तिचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापायचंच राहून गेलं होतं. वाइल भडकला होता. पुढे 1955 साली लुई आर्मस्ट्राँगनं न्यूयॉर्कमध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा लेन्या स्टुडिओत हजर होती. गाता गाता त्यानं तिचं नाव गाण्यातल्या बायकांच्या नावांत गुंफलं. 1959 मध्ये बॉबी डॅरिननं ते तसंच ठेवलं. पत्रिकेतून गळलेलं नाव अशा रीतीनं गाण्यात कायमचं शिरलं.

दुसरं गाणं चाचेगिरीच्या जहाजाचं. हलक्या खानावळीत पेले धुणारी मोलकरीण मनात चित्र रंगवते: आठ शिडांचं, पन्नास तोफांचं जहाज बंदराला लागेल, सगळं गाव उद्ध्वस्त होईल, आणि कुणाची मुंडकी उडवायची ते मला विचारतील. ब्रेख्तच्या या शब्दांना वाइलच्या आधी, 1927 मध्ये, फ्रान्झ ब्रुइनियर या पियानोवादकानं चाल दिली होती. वाइलनं ती बाजूला सारून नवी केली. नाटकात हे गाणं पॉलीचं आहे. तबेल्यात लागलेल्या तिच्या लग्नात, चोरीच्या फर्निचरवर बसलेल्या पाहुण्यांची करमणूक म्हणून ती ते गाते. 1931 च्या पाब्स्टच्या चित्रपटात ते जेनीकडे, म्हणजे लेन्याकडे गेलं. शब्द तेच, सूर तेच, पण नवरीच्या तोंडून जी एक गंमत होती ती वेश्येच्या तोंडून उघड धमकी झाली. संहितेचा अर्थ चालीनं बदलतो तसा गळ्यानंही बदलतो.

नाटकाची गोष्ट पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे दोनच खुणा सांगतो. ब्रेख्तचा पीचम भिकाऱ्यांची कंपनी चालवतो. माणसाच्या काळजाला पाझर फोडणारे दैन्याचे पाच प्रकार त्यानं ठरवले आहेत आणि त्या पाचांचे पोशाख त्याच्या दुकानात टांगलेले आहेत. ज्याला भीक मागायची त्यानं पोशाख भाड्यानं घ्यायचा, हद्द घ्यायची आणि कमाईत वाटा द्यायचा. नाटकात खरी क्रूर जागा माकहीथच्या सुऱ्याची नव्हे, ती या दुकानाची आहे. दुसरी खूण शेवटाची. माकहीथ फासावर जायला उभा आहे, इतक्यात राणीचा घोडेस्वार दूत येतो. राज्यारोहणानिमित्त माफी, वर सरदारकी, वाडा आणि सालीना दहा हजार पौंडांची नेमणूक. गेनंही आपल्या दरोडेखोराला असाच शेवटच्या घटकेला सोडवला होता आणि प्रेक्षकांना असंच आवडतं म्हणून, असं त्याच्या पात्रांकडून उघड वदवलं होतं.

1933 पर्यंत हे नाटक अठरा भाषांत गेलं होतं. मग नाझी आले, नाटकावर बंदी आली. ब्रेख्त आणि वाइल दोघेही देश सोडून गेले, पुन्हा मनानं एकत्र आले नाहीत. वाइल 1950 मध्ये न्यूयॉर्कला वारला, ब्रेख्त 1956 मध्ये पूर्व बर्लिनला. नाटक मात्र चालत राहिलं. मार्क ब्लिट्झस्टाइनच्या इंग्रजी अवतारानं न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरात अडीच हजारांहून जास्त प्रयोग केले. बेंजामिन ब्रिटननं 1948 मध्ये गेच्याच जुन्या चाली घेऊन स्वतंत्र साज चढवला होता. पुढे सत्तरच्या दशकात जे घडलं ते थक्क करणारं आहे. 1975 मध्ये चेकोस्लोव्हाकियात वाक्लाव हावेलनं आपला 'बेगर्स ऑपेरा' केला, गाणीच काढून टाकून. 1977 मध्ये नायजेरियात वोले सोयिंकाचा 'ऑपेरा वोन्योसी' आला. 1978 मध्ये ब्राझीलमध्ये शिको बुआर्केनं सांबाच्या अंगानं 'ऑपेरा दो मालांद्रो' लिहून संगीतबद्ध केला. आणि त्याच 1978 मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणला, दिग्दर्शक जब्बार पटेल. इतके देश, इतकी माणसं, आणि राज्यकर्ता व दरोडेखोर यांच्यात फरक कोणता हा सगळ्यांचा एकच सवाल. आपल्याकडे आणीबाणी उठून वर्षच झालं होतं. काळ नाटकाला बोलावून आणतो असं मी मानतो, आणि याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.

ब्रेख्त त्याआधीच भारतात पोहोचला होता. फ्रित्स बेनेविट्झ या पूर्व जर्मन दिग्दर्शकानं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात 'तीन टके का स्वांग' केलं होतं. मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिलं आणि विजया मेहतांनी ते बसवलं. थिएटर अकॅडमीच्या मंडळींना गाण्यातून नाटक सांगण्याची कला 'घाशीराम कोतवाल'पासून अंगवळणी पडलेली होती.

पुलंच्या रूपांतराची गंमत अशी की लेखक स्वतः पक्का संगीतकार. पेटी हा त्यांचा प्राण, 1953 च्या 'गुळाचा गणपती'ला संगीत त्यांचंच. तरी तमाशाच्या चाली त्यांनी आपल्याकडे ठेवल्या नाहीत. आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांच्यासारख्या तरुणांच्या हाती ते काम गेलं. नंदू भेंडे मुंबईचा रॉक गायक, 1974 मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास झालेला. या नाटकात नायक झाला तोच, अंकुश. एकीकडे नाट्यपदाची फिरत, दुसरीकडे लावणी, मध्येच विजेरी गिटार. माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गळे एका नाटकात. वाइलच्या चाली मराठी शब्दांना चिकटवायच्या नाहीत, हा निर्णय ज्यानं कुणी घेतला त्याला माझा दंडवत. नक्कल केली असती तर ते बर्लिनचं स्मारक झालं असतं. मराठी माणसाच्या कानात आधीपासून जे जे संगीत नांदत होतं त्याच्याशी त्यांनी खेळ केला. गेनं लंडनमध्ये हेच केलं होतं आणि हेतूही गेचाच होता. नाट्यपदाच्या भारदस्त वळणात बदमाशी गायली गेली की पहिल्या रांगेतल्या रसिकाला 'वा' म्हणावं की गप्प बसावं ते उमजत नाही.

काही जाणत्या मंडळींना वाटतं की त्या प्रयोगात ब्रेख्तची धार बोथट झाली, पुलंचा हसरा स्वभाव आडवा आला, प्रेक्षक चाली गुणगुणत घरी गेले. या आक्षेपात तथ्य आहे. पण हाच आक्षेप बर्लिनमध्येही होता. 1928 ला ज्यांच्यावर नाटकाचा रोख होता ती सुखवस्तू मंडळीच गाणी शिट्टीवर वाजवत हिंडत होती. गोड चाल ही दुधारी आहे. तिच्याशिवाय माणूस ऐकत नाही, आणि ती लागली की शब्द विसरतो. कुठल्याही संगीतकाराला या कोड्याचं कायमचं उत्तर मिळालेलं नाही, म्हणून तर दर पिढीत कुणीतरी नव्यानं पेटी उघडतो.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. या पुस्तकात गाण्यांचा मराठी आशय दिला आहे, स्वरलेखन दिलेलं नाही. पुण्याच्या चाली मिळवून त्या बसवायचा मोह होईल. तो टाळावा. आपल्या जालन्यातल्या कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर जे ऐकू येतं ते पुण्यात ऐकू येत नाही. निजामाच्या राज्यात सव्वादोनशे वर्षं काढलेला हा मुलूख आहे. इथे जात्यावरची ओवी आहे, भारूड आहे, कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची आठवण आहे, दर्ग्यातली कव्वाली आहे, लग्नाच्या वरातीतला बँडबाजा आहे, आणि दख्खनी बोलीचा तो खास हेल आहे. खुनांच्या यादीचं गाणं पोवाड्यात घ्यावं की कव्वालीत यावरून वाचनाच्या बैठकीत दोन तट पडले होते. माझं मत कव्वालीच्या बाजूनं आहे. पोवाडा नायकाला मोठा करतो. कव्वालीत मुख्य गायक एक ओळ टाकतो आणि साथीदार टाळ्या वाजवत ती उचलून धरतात. खुनाच्या बातमीवर टाळ्यांचा ठेका पडला की वाइलला जे साधायचं होतं ते आपल्या मातीत साधेल. मोलकरणीच्या जहाजाचं गाणं ओवीच्या संथ घरघरीत घ्यावं. हात कामात आणि मन सूडात, अशी ती बाई आहे, आणि जात्यावर बसलेल्या बायकांनी याहून कडवट गोष्टी त्याच लयीत सांगितल्या आहेत.

तालमीला सुरुवात मात्र पीचमच्या सकाळच्या गाण्यापासून करावी. पडदा वर गेल्यावर भिकाऱ्यांचा हा मालक पापी जगाला उठवणारं एक भक्तिगीत गातो. त्याला भूपाळीचा साचा चपखल बसेल. समर्थांच्या भूपाळ्या ज्या जिल्ह्यात, जांबेच्या परिसरात, आजही घराघरांत म्हटल्या जातात, तिथल्या मुलांना ती वळणं शिकवावी लागणार नाहीत. संतांचे शब्द घ्यायचे नाहीत, चालीची ठेवण तेवढी घ्यायची, आणि ती पूर्ण श्रद्धेनं गायची. पीचमला आपण ढोंग करतो आहोत असं वाटतच नाही, म्हणून गायकानंही वेडावून दाखवू नये. हेच गाणं आधी घ्या म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. गेच्या नाटकातल्या 69 चालींपैकी वाइलनं फक्त एक ठेवली, बाकी सगळ्या स्वतःच्या बांधल्या. ठेवली ती या गाण्याची. 1728 च्या लंडनचा सूर 1928 च्या बर्लिनमध्ये ऐकू यावा एवढी एक जागा त्यानं राखली. आपल्याला तो सूर ठेवायचा आहे की तीही जागा मोकळी करायची आहे, हे ज्यांनी प्रयोग करायचा त्यांनीच तालमीत ठरवावं.